राहिलेला उत्तररंग

यंत्रानं शहरासाठी बांधलेल्या धरणाच्या तलावाचं पाणी तासाभरापुरतं दोन्ही बाजूंना भिंतीसारखं उभं केलं, तशा वेणूताई कीर्तनकार बुडालेल्या राममंदिराच्या ओल्या ओट्यावर चढल्या. चाळीस वर्षांपूर्वी इथंच त्यांच्या कीर्तनाचा पूर्वरंग संपला, धरणाचा भोंगा वाजला आणि गाव उठलं. उत्तररंग राहिला तो राहिलाच. आता गळा साथ देईल का, या धास्तीनं त्या नुसत्या चिपळ्या चाचपत राहिल्या.

म्हातारे धोंडूमामा डबी घेऊन पुढं झाले. “ताई, मध्यंतराचा बुक्का लावू?”

“लावा हो मामा, चाळीस वर्षं मध्यंतरच चाललंय!”

ओट्यासमोर जमलेली गावची जुनी माणसं पोट धरून हसली. त्या हशात ताईंचा गळा मोकळा झाला. “तर मंडळी, कुठं होतो आपण?”

“रामरायानं समुद्राकडे वाट मागितलीय!” सगळे एकदम ओरडले.

ताईंनी पाण्याच्या भिंतींकडे पाहिलं आणि खड्या आवाजात उचललं, “दिली हो, दिली!”