शेवटच्या मैलाची मशाल

स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या रात्री आमचं गाव ग्वाटेमालाच्या राजधानीत पेटवलेली मशाल धावत घरी आणतं. यंदा शेवटचा मैल माझ्याकडे होता. “विझली तर तुझ्या नातवंडांनाही लोक ‘विझव्याची’ म्हणतील,” शेजारी धावणारा नेरी प्रेमाने म्हणाला. धावणाऱ्यांना गार वाटावं म्हणून रस्त्याकडेचे लोक पाण्याच्या पिशव्या फेकत होते. मी सगळ्या चुकवल्या. आमच्या दारातून आलेली मात्र अचूक मशालीवर फुटली. “दमलास ना बाळा!” आई ओरडली, तोवर मशाल विझली होती. मशालीच्या कापडाचा बोळा चिंब भिजलेला, पेटेना. चौकात बँड सुरू झाला. आईने पळत जाऊन चुलीतलं जळतं लाकूड आणलं. तेच उंचावून आम्ही तिघं धावलो. नगराध्यक्षांनी डोळे पुसत लाकडाला सलाम ठोकला. आई कुजबुजली, “भाषण आटपायला सांग. चुलीवरचे मक्याचे तमाल कच्चे राहिलेत.”