बोटीचे सहा बोल्ट

दिग्रसहून आणलेला बोल्टही अर्ध्यात जाऊन अडला. गफ्फार मिस्त्रीने तो उलटा फिरवून काढला. जाडी तीच, लांबी तीच, आटे मात्र निराळे. पुसद झालं, यवतमाळ झालं, भंगारवाल्यांचे ढीग उपसून झाले. मच्छीमार सोसायटीची ही एकुलती एक मोटरबोट धरणाच्या काठावर वर्षभर पडून होती. इंजिन आत आणि पाण्यात उतरणारा पंख्याचा पाय मागे, सहा बोल्टांवर टांगायचा. इंजिन परदेशी. ट्रॅक्टरच्या बोल्टाला ते धूप घालत नव्हतं.

आज त्याच्या बायकोची, सुग्राबीची बरसी. तिच्या बरसीआधी बोट पाण्यात उतरवीन, अशी त्याने कसम घेतली होती. ती कसमही आता मोडली.

गावभराची यंत्रं जुळवणाऱ्या या माणसाला घरात स्वतःचा पाना कधी सापडला नाही. सुग्राबी बडबडत यायची आणि बरोबर हातात आणून द्यायची. गेल्या पावसाळ्यात त्याने ग्रीस भरायला बोटीचा पाय सोडवला आणि बोल्ट फडक्यात बांधून ओट्यावर ठेवले. दुसऱ्याच सकाळी सुग्राबीला लकवा मारला. तोंड वाकडं झालं, वाचा गेली. नाल्याला पूर, रस्ता बंद. अॅम्ब्युलन्स धरणाच्या पलीकडच्या काठाला येऊन उभी. वारा असा, की साध्या डोंग्यात आजारी माणूस घालणं म्हणजे बुडवणंच. मोटरबोटीने मात्र वीस मिनिटांचं पाणी.

आणि बोल्ट नाहीत!

त्याने तिच्यादेखत घर उलथंपालथं केलं. "कुठी गेले माहे बोल्ट?" म्हणून ओरडत राहिला. बोट चालवणारा धनसिंग धावत आला, तर त्याच्यावरच घसरला.

"तूच इकले भंगारात!"

धनसिंग आला तसा निघून गेला. तीस वर्षांची दोस्ती तिथेच संपली. दुपारी पूर ओसरायच्या आत सुग्राबीही गेली.

त्या दिवसातली एकच गोष्ट गफ्फारने जपून ठेवली होती. शेवटच्या तासाभरात तिने चांगला हात तीनदा उचलून माठाच्या कोपऱ्याकडे नेला. तो धावला. चमच्याने पाणी पाजलं. तिने मान हलवली, पुन्हा हात उचलला. त्याने पुन्हा पाजलं. "माह्या हातचं पानी पिऊन गेली," असं तो भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचा. सांगताना त्याला जरा बरं वाटायचं. वर्ष त्यावरच निघालं होतं.

"अब्बा, इकडं या बरं!"

घाटंजीहून बरसीला आलेल्या रुबीनाने काठावरच्या घरातून हाक मारली. अम्मीचं दोडक्याचं बियाणं आपल्या परसात लावावं म्हणून तिने डबा उघडला होता. बियाण्याला ओल लागू नये म्हणून सुग्राबी ते चुलीच्या राखेत घालून ठेवायची. रुबीनाच्या तळहातावर राखेने माखलेलं एक फडकं होतं.

"हे पाहा, अम्मीनं बियात काय ठेवून देल्लं."

गफ्फारने गाठ सोडली. सहा बोल्ट. तेलाचा हात फिरवलेले, कालच काढल्यासारखे. ओट्यावरची ओल बाधू नये म्हणून तिने ते उचलले होते. मिस्त्रीच्या घरात बोल्ट बियाण्यात शोधणार कोण?

"डबा कुठी होता?"

"जिथं राह्यते तिथंच. माठाच्या वरच्या फळीवर."

गफ्फारने कोपऱ्याकडे पाहिलं. खाली माठ, वर फळी. तो मटकन खाली बसला. रुबीना घाबरून माठाकडे वळली, पेला भरून तिने त्याच्या तोंडाशी धरला. त्याने मान हलवली. तिने पुन्हा धरला.

सुग्राबीने अशीच मान हलवली होती. तिला तहान लागलीच नव्हती.