तिसरी चौकट

फळ्यावर बोटीचं चित्र काढून स्मिता मॅडमनी विचारलं, "समुद्र कोणी कोणी पाहिलाय?"

जवळजवळ सगळ्यांचे हात वर झाले. गोव्याची सहल कोणाची चुकली होती? बंगळुरात समुद्र नाही, पण सागरी विमा विकणारे भरपूर. त्यातले तीस एजंट त्या दिवशी व्हाइटफील्डच्या एका हॉटेलात त्याच विम्याचं प्रशिक्षण घ्यायला बसले होते.

शेवटच्या रांगेतल्या संग्रामने हात वर केला नाही. त्याच्या खिशात फोन थरथरत होता. धनलक्ष्मी अक्कांचा सकाळपासूनचा तिसरा फोन.

अक्कांचा मागडी रोडला अगरबत्तीचा कारखाना. कामाला चौदा बायका. जन्मात पहिल्यांदा परदेशची ऑर्डर मिळाली, तेव्हा होतं नव्हतं ते सगळं त्यांनी तिच्यात घातलं. माल आफ्रिकेत मोम्बासाला पोहोचला, पण कंटेनर गंजून फुटलेला. वाटेत समुद्राचं पाणी शिरलं आणि अगरबत्तीचा लगदा झाला. विमा होता, संग्रामनेच उतरवला होता. भरपाई मिळाली तर कारखाना चालणार, नाहीतर कुलूप.

मॅडम फळ्यावर तीन चौकटी काढत होत्या. विम्याचे तीन प्रकार: ए, बी आणि सी. ए सगळ्यात महाग, सी सगळ्यात स्वस्त. "कंटेनरमध्ये पाणी शिरलं तर ए देतो, बी देतो. सी देत नाही."

सगळ्यांनी लिहून घेतलं. संग्रामने पेन खाली ठेवलं. नऊ वर्षं त्याने गाड्यांचे आणि दुकानांचे विमे विकले होते. समुद्राचा हा पहिलाच, आणि त्यातलं शिकायला तो आज आला होता.

चहाच्या सुट्टीत त्याने मॅडमना गाठलं. मुंबईच्या बाई, आपल्या भाषेतल्या, काहीतरी वाट काढतील अशी वेडी आशा.

"माझ्या एका मित्राची केस आहे," तो म्हणाला. "फॉर्मवर सीची खूण आहे. पाणी शिरलंय."

"सी का घेतला?"

"दुसऱ्या एजंटचा हप्ता कमी होता. गिऱ्हाईक हातचं जाईल म्हणून मित्राने सी केला."

"गिऱ्हाइकाला सांगून?"

संग्रामने चहात आणखी साखर घातली.

"फॉर्मवर सही कोणाची?"

"अक्कांची," तो म्हणून गेला.

मॅडमनी कप खाली ठेवला. रागावल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. "सीमध्ये बोट बुडावी लागते हो," त्या हळूच म्हणाल्या. "आग लागावी लागते, नाहीतर धडक व्हावी लागते. नुसतं पाणी शिरून भागत नाही. वर कितीही अर्ज करा, उत्तर हेच येणार. तुमच्या मित्राला म्हणावं, त्या बाईंना आजच सांगून टाक. वाट बघायला लावू नकोस."

जेवणाच्या सुट्टीत चौथा फोन आला. संग्राम भरलेलं ताट तसंच टाकून जिन्यात गेला.

"काय म्हणाले रे?" अक्कांनी विचारलं. "मोठ्या मॅडमना विचारणार होतास ना?"

"नाही मिळणार, अक्का."

"थोडे तरी?"

"काहीच नाही. बोट बुडाली असती तर सगळे मिळाले असते."

 अक्कांच्या मागे बायकांचं बोलणं चालू होतं, कोणीतरी हसत होतं. आपण त्या खुणेचं आत्ता, या क्षणी सांगून टाकायला हवं, हे संग्रामला कळत होतं. तो कठड्याचा रंग नखाने खरवडत राहिला. स्वतःची इतकी किळस त्याला कधी आली नव्हती.

"बोटीवर माणसं असतात ना रे?" अक्कांनी विचारलं.

"असतात. वीस-पंचवीस."

"मग सरी, राहू दे. कसं म्हणायचं बुडायला हवी होती म्हणून." त्यांनी श्वास घेतला. "तू वाईट वाटून घेऊ नको. तू तर तुझ्याकडून चांगलंच बघितलं असशील."

"अक्का, तो फॉर्म..."

पण अक्कांनी फोन कानापासून दूर नेला होता. बंद करायला मात्र विसरल्या होत्या.

"चंपा," त्या आत वळून म्हणाल्या, "उद्याच्या काड्यांचा मसाला भिजवू नको गं."

मागचं हसणं थांबलं. मग कोणीतरी भरलेलं घमेलं फरशीवरून बाजूला सरकवल्याचा आवाज त्याने ऐकला.