गायक आणि उंदीर

पिंजऱ्यात आजही बुलबुलच अडकला होता. नवरा खो-खो हसला. "शर्वरी, भाकरी तुझ्या उंदरासाठी, खाल्ली माझ्या गायकानं!" तो गडावर पर्यटकांना पक्षी दाखवायचा, ती दुर्मीळ कोंडाणा उंदरांचा अभ्यास करायची.

"तुझा गायक आपल्या परसातल्या पेरूवरही गातो," बुलबुलाला सोडत ती म्हणाली. "माझा या डोंगरांपलीकडे जगात कुठेच नाही."

"पण गात तर नाही ना!"

तिनं गवतातला दुसरा पिंजरा उचलला. आत तपकिरी गोळा, थरथरणाऱ्या मिशा. नवऱ्याचं हसू थांबलं. तिनं उंदराचं वजन केलं आणि त्याला अलगद त्याच गवतात सोडलं.

तेवढ्यात पर्यटकांचा घोळका गलका करत आला. "दादा, बुलबुल कुठंय?"

"खाली पार्किंगमध्ये भरपूर आहेत," नवरा कुजबुजला. "इथं आवाज नको."