सव्वा वाजताची खरखर

गिटारच्या बाराव्या फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या धातूच्या पट्टीवर, जाड तार एक पूर्णांक आठ दशांश मिलिमीटर उंच होती. पूर्वीला एक पूर्णांक सहा हवी होती. तिने तारा टेकतात त्या ब्रिजचा बारीक स्क्रू पाऊण वळसा फिरवला, पुन्हा मोजलं आणि मोजपट्टी खाली ठेवली. आता बरोबर होती.

ही इलेक्ट्रिक गिटार तिच्या भावाची, धीरजची होती, म्हणजे अर्धी. त्याने फणसाच्या फळीतून अंग कापलं, मान जोडली आणि काम तिथेच राहिलं. दोन वर्षांपूर्वी मनोरहून येताना बाइक घसरली. धीरज चालवत होता. मागे दामूमामा होता, त्यांच्या आईचा, माईचा, एकुलता एक भाऊ. मामा गेला, धीरजला नुसतं खरचटलं. मामाच्या तेराव्यानंतर दुसऱ्याच दिवशी बाबांनी धीरजला ओट्यावर उभं केलं आणि अख्ख्या आळीला ऐकू जाईल असं सांगितलं, "या घरात परत पाय ठेवायचा नाय."

तेव्हापासून माई कामापुरतंच बोलायची. आणि पूर्वीने तर बाबांशी स्वतःहून बोलणंच सोडलं होतं. भाऊ गमावलेल्या बाईचा मुलगाही या माणसाने काढून घेतला, हे ती एक दिवसही विसरली नव्हती.

तारापूरच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत ती नोकरी करायची. सुट्टी शुक्रवारी. ते सगळे शुक्रवार तिने या गिटारला दिले होते. गिटार पुरी झाली की ती घेऊन धीरजला शोधायचं आणि त्याला घरी आणायचं. बाबा आडवे आले तर आपणही घर सोडायचं. अडचण एकच होती. धीरजचा जुना नंबर बंद होता आणि नवा कुणाकडे नव्हता.

"अजून कुरकुरतंय तुजं लाकूड," बाबा म्हणाले. सकाळची होडी लावून आले की ते पुढच्या खोलीत जाळं दुरुस्त करत बसत.

"लाकूड नाय कुरकुरत. वायरिंगचं कायतरी हाय."

"मंग दे टाकून. बोईसरला भंगारवाले काय कमी हायत?"

"ज्याची गिटार तो ठरवेल."

"कोनाची?"

"धीरजची."

बाबांनी हातातली सुई आपटली. "त्याचं नाव काढायचं नाय या घरात." ते ओरडले, पण तिच्याकडे बघून नाही, स्वयंपाकघराच्या दाराकडे बघून. आत माई बोंबील साफ करत होती. तिचा हात थांबला नाही.

सव्वा वाजता गिटारला जोडलेला अँप्लिफायर खरखरला. टर्र-टट, टर्र-टट, टर्र. थोडा वेळ, मग शांत. हा तिसरा शुक्रवार होता आणि वेळ तीच होती. अर्थिंगचा दोष असता तर एकसारखी घूं ऐकू आली असती. तिने गिटारच्या पोकळीत तांब्याची पट्टी चिकटवून पाहिली होती, सगळे जोड नव्याने सोल्डर केले होते. फरक पडला नव्हता. आता दुसरंच काहीतरी तिच्या लक्षात आलं. जुन्या, बटणवाल्या मोबाइलवर फोन येताना जवळच्या स्पीकरमध्ये असा आवाज होतो. घरात मोबाइल दोनच होते, तिचा आणि बाबांचा. दोन्ही नवे, आणि दोन्ही तिने मुद्दाम बाहेर ओट्यावर ठेवले होते.

टर्र-टट पुन्हा सुरू झालं. ती गिटार गळ्यात अडकवून लांब वायर ओढत घरभर फिरली. खिडकीशी आवाज कमी. देव्हाऱ्याशी कमी. स्वयंपाकघराच्या दाराशी, बाबांचे सदरे टांगलेल्या खुंटीजवळ, कान किटले. दारापलीकडे माई पाठमोरी बसली होती. मान खाली.

पूर्वी दोन पावलं मागे आली आणि तिने आवाज बारीक केला. माईकडे फोन होता. स्वतःच्या पोराशी बोलायला तिला स्वतःच्या घरात चोरासारखं वागावं लागत होतं.

तो आठवडा तिने दात आवळून काढला. प्रयोगशाळेत टायट्रेशनची एकच चाचणी तीनदा करावी लागली.

पुढच्या शुक्रवारी तिने शेवटची तार जुळवली. मोकळी तार आणि बाराव्या फ्रेटवर दाबलेली तार, दोन्ही सुरात मिळाल्या. गिटार पुरी झाली. सव्वा वाजता अँप्लिफायर खरखरला.

"बंद कर ते," बाबा म्हणाले. "नायतर उपटून फेकीन."

"फेका. तरी थांबनार नाय." तिचा आवाज चढला नव्हता. "हा आवाज गिटारचा नाय, बाबा. धीरजचा फोन येतोय. माई लपून बोलते त्याच्याशी, तुमच्या भीतीनं. भाऊ गेला तिचा, आन् तुमी तिचा पोरगा पन तोडलात. कसले बाप तुमी?"

आत माईचा हात पहिल्यांदा थांबला.

बाबांनी मांडीवरचं जाळं बाजूला केलं. उठले. खुंटीवरच्या आपल्या सदऱ्याच्या खिशातून त्यांनी बटणांचा लहानसा, घंटी बंद केलेला फोन काढला आणि कानाला लावला.

"हां, धीरज. जेवलास काय?"

रोज बोलणारा माणूस बोलतो, तसं.

"नाय, शुक्रवार हाय, पूर्वी घरीच हाय. ऱ्हाऊ दे, कळलं तिला." ते थोडा वेळ ऐकत राहिले. मग फोन तळहाताने झाकून स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले.

"घरी येऊ काय, इचारतोय तो," ते माईला म्हणाले. इतका खालचा आवाज पूर्वीने त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. "आज काय सांगू?"

माईने विळी आडवी केली. हात पदराला पुसले, पुन्हा पुसले. नवऱ्याकडे किंवा मुलीकडे तिने पाहिलं नाही.

"सांगा त्याला," ती म्हणाली. "माजीच ना होती, ती आता नाय. येऊ दे."