शपथेतलं नाव

कलेक्टर कचेरीतल्या नागरिकत्वाच्या कक्षात साहेबांनी शपथेचा कागद हेमीच्या हातात दिला आणि मागच्या बाकावर बसलेल्या कौशल्याच्या अंगाचा तिळपापड झाला.

दोघी सख्ख्या जावा. नऊ वर्षांपूर्वी सिंधहून एकाच गाडीनं आलेल्या. हेमीला अक्षरओळख नाही, म्हणून तिचा अर्जसुद्धा थोरल्या कौशल्यानंच भरला होता. तो मंजूर झाला. कौशल्याचा स्वतःचा मात्र, पासपोर्टवरच्या नावात एक अक्षर चुकलंय म्हणून तीनदा परत आला.

"वाचा," साहेब म्हणाले. हेमी कागद उलटा धरून उभी.

कौशल्याला आतून बरं वाटलं. राहू दे तशीच! नऊ वर्षं रोज पोळ्या लाटताना शपथ पाठ केली मी, आणि म्हणायला उभी कोण, तर ही ठोंबी!

"भाभी, तुम्ही सांगा ना. मी मागून म्हणते," हेमी वळून काकुळतीनं म्हणाली. साहेबांनीही मान हलवली.

कौशल्या पदर सावरत उठली आणि सवयीनं सुरू झाली, "मी, कौशल्या टिलूमल..."

"मी, कौशल्या टिलूमल," हेमी विश्वासानं म्हणाली.

अख्खा कक्ष हसला. "अहो बाई, नाव यांचं घ्या! तुमचं यादीत नाही," साहेब म्हणाले.

मग नऊ वर्षांत पहिल्यांदाच कौशल्यानं त्या शपथेत दुसरीचं नाव घातलं.

"मी, हेमी अर्जनदास..."