वीस तारखेचं उत्तर

उत्तरात धम्मपाल एकोणीस मार्चला वारला होता. आणि उत्तर हाती आलं त्या दिवशी सतराच तारीख होती.

आमदार योगिनीताईंनी नौपाड्यातल्या आपल्या कार्यालयात तो कागद तीनदा वाचला. प्रश्न त्यांचाच होता, वीस तारखेला विधानसभेत यायचा होता. परदेशी संस्थेने कारागृहाला मदत म्हणून दिलेली क्षयरोग तपासणीची यंत्रे वर्षभर खोक्यातच आहेत, हे खरे आहे काय? आजारी कैद्यांना उपचार न मिळणे हा मानवी हक्कांचा भंग आहे, हे खरे आहे काय? असल्यास, कच्चा कैदी धम्मपाल याला रुग्णालयात कधी हलवणार? पहिल्या दोन प्रश्नांची सरकारने 'हे खरे नाही' म्हणून बोळवण केली होती. तिसऱ्याचं उत्तर असं होतं : 'सदर बंद्याचे दि. १९ मार्च रोजी आजाराने निधन झाले. सबब, प्रश्न उद्भवत नाही.'

ही प्रत भगवानने मंत्रालयातल्या ओळखीवर तीन दिवस आधी मिळवली होती. तीन आमदारांचा सचिव म्हणून त्याचे केस पिकले होते. त्याने समजावून सांगितलं, की उत्तरं आधीच तयार होतात, आणि सभागृहात वाचली जातील त्या दिवशी खरी ठरावीत अशा बेताने लिहिली जातात. सरकारी काम आणि सहा महिने थांब, हे तो येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचा. सरकारी काम दोन दिवस आधी उरकलेलं मात्र तोही पहिल्यांदाच बघत होता. त्याचं म्हणणं पडलं, की आत्ता गवगवा नको, वीस तारखेला सभागृहातच मंत्र्यांना धरू.

"वीस तारखेपर्यंत तो राहील का, भगवान?" ताईंनी विचारलं.

धम्मपालची आई, कांताबाई, नौपाड्यातच एका दवाखान्यात आया होती. गेले तीन महिने दर सोमवारी ती येऊन बसायची. पोराला जामीनदार मिळत नव्हता, दोन वर्षांत खटला उभा राहिला नव्हता, आणि आता खोकल्यातून रक्त पडत होतं. बाई कधी रडली नाही की कुणाला बोल लावला नाही. जय भीम म्हणून यायची, जय भीम म्हणून जायची. ताईंना तिच्या त्या शांतपणाचीच धास्ती वाटायची. त्या उठल्या आणि गाडी काढायला सांगितली.

कारागृह कल्याणच्या पुढे खाडीकाठी नव्याने बांधलेलं होतं. भर दुपारी तिथे चिटपाखरू नव्हतं. आतल्या व्हरांड्यात परदेशी शिक्क्यांची चार खोकी एकावर एक रचली होती आणि वरच्या खोक्यावर कुणीतरी चहाचे कप पालथे घालून ठेवले होते.

धम्मपालला आणलं. गालफडं बसलेली, सदरा खुंटीला टांगल्यासारखा. पण चालत आला, हसलासुद्धा. ताईंच्या जिवात जीव आला.

"ताई, काल माझी चादर आणि ताटवाटी जमा करून घेतली," तो हळूच म्हणाला. "बोलले, आता लागणार नाय. सुटतोय काय मी?"

त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, आईला निरोप देते म्हणाल्या, आणि तडक अधीक्षकांच्या खोलीत शिरल्या. कागद टेबलावर आपटला.

अधीक्षक मवाळ गृहस्थ होते. त्यांनी चष्मा पुसला, उत्तर सावकाश वाचलं, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. त्यांना ना राग आला, ना आश्चर्य वाटलं. तारखेत चूक झालेली दिसते, असं ते म्हणाले. रुग्णालयाचं विचारलं तेव्हा लगेच कबूल झाले. गाडी आणि पोलीस बंदोबस्त चार वाजता येईल म्हणाले. एरवी ज्या बंदोबस्तासाठी महिनोन् महिने पत्रं जात होती, तो असा हसत मिळाल्यावर ताईंच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. पण समोर हो म्हणणाऱ्या माणसाशी भांडायचं तरी कशावरून?

"ही चूक मला आजच्या आज दुरुस्त झालेली हवी," त्या म्हणाल्या. "उद्यावर टाकलेलं चालणार नाही."

"आजच होईल, मॅडम," अधीक्षक म्हणाले आणि त्यांनी वहीत काहीतरी टिपून घेतलं.

परतताना ताईंनी गाडीतूनच कांताबाईला फोन लावला. पोरगा डोळ्यांनी पाहिला, चालतो, हसतो, चार वाजता त्याला रुग्णालयात आणतायत, असं सांगितलं. मग तीन महिन्यांत पहिल्यांदा ती बाई हुंदके देऊन रडली. धुतलेली चादर आणि मऊ भात घेऊन ती साडेतीनलाच रुग्णालयाच्या फाटकाशी जाऊन उभी राहिली.

साडेपाचला तिचा फोन आला, की गाडी अजून आली नाही. सहालाही तेच. ताईंनी कारागृहाला सहा-सात वेळा फोन केला. घंटी वाजत राहायची, उचलत कुणी नव्हतं. सव्वासहाला संगणकावर मंत्रालयाचं टपाल आलं. भगवानने कागद छापून आणला, पण हातात दिला नाही, टेबलावर ठेवला आणि दाराशी जाऊन उभा राहिला. मोजून तीन ओळी होत्या.

'शुद्धिपत्र. प्रश्नाच्या भाग तीनच्या उत्तरात, माननीय सदस्यांनी निदर्शनास आणल्याप्रमाणे, "दि. १९ मार्च" ऐवजी "दि. १७ मार्च" असे वाचावे.

बाकी मजकूर कायम.'